कोच अजून खुर्चीवर आहे, नाना

नाना, एक मिनिट थांबा. तुमच्याशी बोलायच्या आधी वाचणाऱ्यांचं जरा बघतो, नाहीतर ते उगाच रुमाल काढून बसतील.

तर मंडळी, रुमाल आत ठेवा. इथे कोणी 'काळाच्या पडद्याआड' गेलेलं नाही. 'कधीही भरून न येणारी पोकळी' वगैरे पण झालेली नाही. झाली होती ती चहाच्या किटलीवरच्या, म्हणजे आपल्या टपरीवरच्या, बाकावर, आणि तिथे दुसऱ्याच दिवशी एक जाडजूड भाई येऊन बसला, भरली. आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक बाईंनी मला फोनवर बजावलं होतं, "पंकज, जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, शेवटी पश्चात परिवार. बास. नकला नकोत." मी 'हो' म्हटलं, त्यांच्याच आवाजात. त्यांनी फोन आपटला. म्हणून हा लेख जन्मापासून सुरू होत नाही. हा सुरू होतो एका फुटबॉल कोचपासून. तो नानांना ओळखत नव्हता, मला तर नाहीच नाही, आणि त्याच्यावरून आम्ही दोघांनी बडोद्यातल्या समा भागातली एक अख्खी सोसायटी कंटाळवून सोडली.

या आता, नाना. बसा.

पहिली बातमी तुमच्या कामाची. कोच अजून खुर्चीवर आहे. तुम्ही गेलात, तो आहे. महासंघाने सांगितलंय की निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ. म्हणजे आपल्या देशाची टीम पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून परत आली, त्याला इतके दिवस झाले, सगळ्या पेपरवाल्यांचं त्याला तीनतीनदा काढून झालं, पण माणूस जागचा हलला नाही. तुम्ही असतात तर मिशीवरून हात फिरवला असतात आणि म्हणाला असतात, "बघ!"

नुसतं "बघ!" त्यानंतर काही नाही. तुमच्या त्या "बघ"चा मला किती राग यायचा, हे राहून गेलं सांगायचं.

आपली ओळख पण नकलेवरूनच झाली. मी नवापूरहून नवा नवा आलेलो, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात क्वालिटीला चिकटलेलो. सकाळी किटलीवर उभा राहून चहावाल्या जिगाभाईंना आपल्या सोसायटीचे चेअरमन महेंद्रकाका करून दाखवत होतो. "पाणी साचवीने वापरो, भाई, पाणी साचवीने!" जपून वापरा म्हणे. जिगाभाई हसून हसून गाळणीतला चहा सांडत होते. मागून आवाज आला, "माझी करून दाखव."

वळून बघतो तर तुम्ही. पांढऱ्या मिशा, चहाची बशी हातात, सकाळी सकाळी बुटात मोजे.

"तुम्हाला अजून ऐकलं नाही ना, काका."

"मग ऐक."

आणि जे सुरू झालात! तरुणपणी नागरवाड्यातल्या गल्लीत अनवाणी कसे खेळायचात, मग रेल्वेच्या मैदानावर बॅक म्हणून कसे उभे राहायचात, समोरचा फॉरवर्ड तुम्हाला बघून कसा रस्ता बदलायचा. माझी बस गेली. दुसरी पण गेली. तिसरी पकडायच्या आधी मी तुमचा आवाज उचलला होता: आधी घसा साफ, मग "हं, तर मुद्दा असा, की", मग बोट वर, आणि शेवटी "कळलं का?" तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ठीक आहे. पण मी इतका नाकात बोलत नाही." त्या दिवसापासून माझं नाव 'टेप' पडलं.

एक सांगू? आमच्या नवापूरच्या शाळेत मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारला की सर म्हणायचे, "लै शाना झाला का भो?" आणि हात कानाकडे यायचा. तुम्ही पहिले वडीलधारे, की मी उलट बोललो तर बाकावर सरकून जागा केलीत. "ये, बस. आता उत्तर दे." मी हे आईला फोनवर सांगितलं तर तिला खोटं वाटलं. म्हणाली, "कोण आहेत रे ते? बरे आहेत ना?"

आणि मग ती स्पर्धा आली, आणि आपली टीम तशी हरली.

मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, काढा कोचला. तुम्ही म्हणत होतात, अजिबात नाही. मला वाटलं दोन दिवस चालेल. मी टॉवेल खांद्यावर टाकून कोचची पत्रकार परिषद घ्यायचो, त्याच्या त्या गोऱ्या उच्चारात. "वी नीड टाइम, माय फ्रेंड. टाइम अँड कॅम्प."

जिगाभाई पत्रकार व्हायचे आणि गोल कधी ते विचारायचे. "साहेब, गोल क्यारे?"

"नेक्स्ट टाइम, माय फ्रेंड."

तुम्हाला हसून ठसका लागायचा, नाकातून चहा यायचा. आणि नाक पुसून काय म्हणायचात? "पण बरोबर बोलतोय तो." अहो, नक्कल कोणाच्या बाजूने होती!

मी तुम्हाला कारखान्याचं सांगितलं होतं. "नाना, आमच्याकडे लॉट रिजेक्ट झाला की पहिला प्रश्न, शिफ्ट कोणाची होती?"

"आणि दुसरा प्रश्न?"

"दुसरा नसतो."

"म्हणूनच तुमचा लॉट परत रिजेक्ट होतो."

यावर सगळी किटली हसली. मी तीन दिवस ऑफिसात हा दुसरा प्रश्न काय असू शकेल ते शोधत होतो. सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, शिफ्ट कोणाची आहे आत्ता?

तुमचं हुकमी पान म्हणजे ते खापरपणजोबा. गायकवाड सरकारच्या घोडदळातले. सोसायटीत पाणी आलं नाही तरी ते खापरपणजोबा घोड्यावर बसून यायचे. "हं, तर मुद्दा असा, की एक लढाई हरली म्हणून सरकारने आमचा सरदार बदलला नाही."

"मग काय बदललं?"

"घोडे बदलले."

"मग झालं तर! प्लेअर बदला!"

"अरे, कुठून बदलू? पागाच नाही, तर घोडे कुठून आणू?" आणि तुम्ही बोट केलंत सोसायटीच्या मागे. तिथे आधी पोरं खेळायची म्हणे. आता तिथे पांढऱ्या पट्ट्या मारल्यात आणि गाड्या उभ्या असतात. तुम्ही एवढंच म्हणालात, "ही आपली पागा." मी चहा संपवला.

पण खरी मजा खंडेराव मार्केटात आली. काकूंनी वांगी आणायला पाठवलेलं, तुम्ही मला स्कूटर चालवायला घेतलंत. भाजीवाल्या मासीच्या गोणपाटावर तुम्ही टीमच मांडलीत. मागे चार बटाटे, मध्ये वांगी, बाजूला दोन शिमला मिरच्या, आणि अगदी पुढे, सगळ्यांपासून लांब, एक लिंबू. "हा आपला फॉरवर्ड. बघ किती एकटा आहे. याच्याकडे बॉल येणार कसा?"

मासी म्हणाली, "काका, लेवानुं छे के रमवानुं छे?" घ्यायचंय की खेळायचंय?

"एक मिनिट, बेन. हा कोच शिकवतोय ते चूक नाही, हा टेप समजतोय ते चूक आहे."

तेवढ्यात एक ताई आल्या, त्यांनी लिंबू उचललं, दाबून बघितलं, पिशवीत टाकलं आणि गेल्या. तुम्ही गोणपाटाकडे बघत राहिलात. मग माझ्याकडे वळून, इतक्या आनंदाने, जसं काही फायनल जिंकलात, "आता सांग! फॉरवर्डच नेला! यात कोचने काय करायचं?"

मासी इतकी हसली की तिने मूठभर कोथिंबीर अशीच टाकली. आणि आपण वांगी विसरून घरी आलो. वांगी मिडफिल्डलाच राहिली. काकूंनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "टेपने घाई केली."

मग तो शेवटचा दिवस. मला तेव्हा माहीत नव्हतं तो शेवटचा आहे, नाहीतर थोडं हळू विचारलं असतं. की नसतं? नसतंच बहुतेक.

तुम्ही नेहमीसारखे सुरू होतात. कोचचा दोष नाही, त्याला पोरं उशिरा मिळतात. पोरांचा दोष नाही, त्यांना मैदान नाही. महासंघ लांब आहे, सरकार त्याहून लांब. मी एरवी मध्ये नक्कल टाकली असती. त्या दिवशी का कोण जाणे, माझ्याच आवाजात बोललो. "नाना, मग जबाबदार कोणीच नाही का? कोच नाही, पोरं नाहीत, बाकीचे लांब. मग आपण हरलो ते कोणामुळे? आणि कोणाला काहीच विचारायचं नसेल, तर आपण बघायचं तरी कशाला?"

बशी तोंडापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. जिगाभाईंनी गॅस बारीक केला. तुम्ही घसा साफ केलात. बोट वर गेलं. मग खाली आलं.

"उद्या सांगतो," म्हणालात.

"पहेली वार नाना चूप!" जिगाभाई ओरडले. तुम्ही उठलात, माझ्या डोक्यात टपली मारलीत आणि गेलात. घरी जाऊन जेवलात, दुपारी आडवे झालात, आणि उठलाच नाहीत.

काय हा प्रकार, नाना. माणसाने किमान वाद पूर्ण करून जावं की नाही?

लोक म्हणतात गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यासमोर येतो. माझ्या नाही आला. मला ते न दिलेलं उत्तर ऐकू यायला लागलं. स्कूटर चालवताना, कारखान्यात लॉट तपासताना. तुमच्याकडे जबरदस्त काहीतरी होतं, नक्की होतं, एवढा घोडदळाचा माणूस, असा कसा रिकाम्या हाती उठेल? ते तुम्ही रात्रभर घोळवून सकाळी मला चारीमुंड्या चीत करणार होतात. आणि ते घेऊनच गेलात. मी सिग्नलला थांबून तुमच्या आवाजात उत्तरं जुळवत होतो. "हं, तर मुद्दा असा, की..." बाजूच्या रिक्षावाल्याने विचारलं, "भाई, तबियत सारी छे ने?" बरी नव्हती. तुमचा आवाज होता माझ्याकडे, शब्द नव्हते.

मग तुमचं बेसणं झालं, इकडे गेलेल्या माणसासाठी सगळे जमून बसतात ते. काकू म्हणत होत्या, आपल्यात हे नसतं, आपल्यात दहावं-तेरावं. पण महेंद्रकाकांनी ऐकलं नाही. "वहिनी, अख्खी सोसायटी येणार, कुठे बसवणार?" सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातल्या, तुमचा फोटो ठेवला, मोबाइलवर भजनं लावली. पुरुष इकडे, बायका तिकडे. तिकडे काकू आणि पुण्याहून आलेली तुमची लेक मंजिरी.

आता मला काय माहीत बेसणं कसं करतात? नवापूर तसं गुजरातला चिकटलेलं, पण मी कधी गेलो नव्हतो. मी आपला आलो, पुढे जागा दिसली, फोटोच्या अगदी बाजूला, मांडी घालून बसलो. नंतर कळलं की लोक येतात, फुलं वाहतात, पाच मिनिटं बसतात आणि हात जोडून निघतात. आणि फोटोजवळ बसतात ते घरचे! मी सुरुवातीपासून तिथेच. लोक फोटोला नमस्कार करायचे, मग मला करायचे. मी पण उलटा करायचो. कोणी खांद्यावर हात ठेवला. कोणी म्हणालं, "हिंमत राखजो, बेटा." एका आजोबांनी विचारलं, "भत्रीजो?" पुतण्या का म्हणून.

मी 'हो' म्हटलं. आणि खरं सांगतो नाना, ते म्हणताना मला अजिबात हसू आलं नाही.

शेवटी शेवटी किटलीची मंडळी आली. जिगाभाई इस्त्रीच्या शर्टात, ओळखूच येईनात. माझ्या बाजूला टेकले, फोटोकडे बघितलं, आणि कानाशी येऊन म्हणाले, "पेला सवालनो जवाब शुं आव्यो?"

त्या प्रश्नाचं उत्तर काय आलं. त्यांना पण तेच! म्हणजे मी एकटाच नव्हतो. नेमकं त्याच वेळी भजन संपलं आणि मोबाइलवर पुढचं लागेना. आणि माझा घसा आपोआप साफ झाला.

"हं. तर मुद्दा असा, की..."

सगळ्या माना वळल्या. बायकांच्या बाजूला कोणाच्या तरी हातातली फुलांची थाळी खाली पडली. मला थांबता आलं असतं. नाही थांबलो.

"तर मुद्दा असा, की पोरगं बरोबर विचारतंय. जबाबदार कोण? जबाबदार मी. मागचं मैदान गेलं, मी गप्प बसलो. पोरांना ट्यूशनला सोडून आलो, मैदानावर कधी सोडलं नाही. टीम हरली की घरात बसून शिव्या दिल्या आणि चॅनेल बदललं. कोचला काढायचा हक्क त्याला, ज्याने एका तरी पोराला बॉल आणून दिला. म्हणून कोच राहू दे. बदलायचंच असेल तर आधी आम्हाला बदला. कळलं का?"

काय सांगू! महेंद्रकाका चष्मा काढून डोळे पुसत होते. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि एका टाळीतच ओशाळलं. ते पुतण्यावाले आजोबा मान हलवत होते, मराठी एक अक्षर कळत नसताना. जिगाभाईंनी तिथेच निकाल दिला, "बस. कोच रहेशे." आणि मी, नाना, मी तुमच्या फोटोकडे बघितलं. मला वाटलं, फिटलं. राहिलेलं उत्तर दिलं. तुम्हाला जिंकवलं. तुमच्यासाठी एवढं तरी केलं.

लोक गेले, चादरी गुंडाळायला घेतल्या, तेव्हा मंजिरीताई आल्या. "आई बोलावतेय तुला."

काकू कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोळे लाल. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तो आवाज तू काढलास?"

"हो, काकू. चुकलं. बेसण्यात असं करायला नको होतं..."

"बेसण्याचं राहू दे. बेसणं मोडलं तर महेंद्रभाईंचं मोडेल. तू ह्यांना बोलायला काय लावलंस? काय म्हणे, 'जबाबदार मी'? हे? जबाबदार? अरे, दूध उतू गेलं तर ह्यांच्या मते गॅसची चूक! गाडी चुकली तर गाडी लवकर सुटली! ह्या मंजिरीच्या लग्नात हार विसरून आले, तर मांडवात उभं राहून हारवाल्याला शिव्या, की त्याने आठवण का नाही केली! जन्मात एकदा कबूल केलं असतं ना, तर मी तारीख लिहून ठेवली असती."

"पण काकू, त्यांना उत्तर द्यायचं होतं. 'उद्या सांगतो' म्हणाले होते."

"उत्तर? कुठलं उत्तर? लग्न करून आले त्या दिवसापासून ऐकतेय मी ते. गच्चीची ओल कधी काढायची, उद्या सांगतो. माझ्या माहेरी कधी जायचं, उद्या सांगतो. काही सुचेनासं झालं की हे 'उद्या सांगतो' म्हणायचे. त्या दिवशी जेवताना घास हातात धरून बसले होते. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, 'टेपने आज पकडलं गं मला.' आणि असे हसले, असे हसले, की भात दुसऱ्यांदा घेतला. तू जिंकला होतास, गाढवा! किती खूश होते हरून! आणि तू भर सभेत त्यांना जिंकवून साधू करून ठेवलंस. आता सोसायटीतल्या बायका मला येऊन सांगतायत, नाना किती थोर विचारांचे होते. थोर कसले? हट्टी होते. चुकीचे असले तर जास्तच हट्टी. माणूस गेला की जो उठतो तो त्याला शहाणा करायला बघतो. त्यांनी करावं, त्यांच्याकडे फोटो आहे नुसता. तुझ्याकडे आवाज आहे ना रे त्यांचा? तू तरी असा बिघडवू नकोस. बस इथे खाली. बस म्हटलं ना! पहिल्यापासून परत कर. नाकातून नाही, घशातून. आणि या वेळी उत्तर नाही सुचलं, की खोकू दे त्यांना, आणि विषय बदलू दे."